पोळी-भाजी केंद्राला रोख, क्यूआर की कार्ड मशीन?

तुम्ही विचारलंय की घोडबंदर रोडला छोटं पोळी-भाजी केंद्र सुरू करताय, तर पैसे रोख घ्यावेत, क्यूआर लावावा, कार्ड मशीन घ्यावं की महिन्याचं खातं ठेवावं. माझं सानपाड्याला स्टेशनजवळ असंच केंद्र आहे, सहा वर्षं झाली, म्हणून लिहितेय.

क्यूआर तर लावायचाच. संध्याकाळी साडेसातनंतर लोकलमधून उतरलेली माणसं येतात, एकाला चार पोळ्या नि पाव किलो भेंडी, दुसरीला फक्त पोळ्या, तिसऱ्याला घाई, त्यात सुट्टे कुठून आणायचे? पूर्वी मी दोन रुपयांच्या बदल्यात चॉकलेट द्यायचे आणि लोकांची तोंडं वाकडी व्हायची, बरोबरच आहे म्हणा. यूपीआयने बँक खात्यातून आलेल्या पैशावर दुकानदाराला कमिशन लागत नाही, २०२० पासून तसंच आहे. कुणी रुपे क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडून दिले तर नियम वेगळे, ते क्यूआर देणाऱ्याला आधीच विचारून घ्या. आणि घरच्या सेव्हिंग खात्याचा क्यूआर लावू नका, धंद्याचं वेगळं खातं काढा, नाहीतर महिनाअखेरीला भाजीचे पैसे कुठले आणि भावजयीने पाठवलेले कुठले, काही कळत नाही (अनुभव आहे).

साउंडबॉक्स, म्हणजे पैसे आले की मोठ्याने बोलून सांगणारा डबा, तो मात्र घ्याच. भाडं कापलं जातं महिन्याला, पण माझे हात कणकेत असतात, मोबाईल बघणार कधी? सुरुवातीला मी तो घेतला नव्हता. एक मुलगा तीन दिवस लागोपाठ स्क्रीनशॉट दाखवून जेवण घेऊन गेला, हिरवी टिक, वर दुकानाचं नाव, सगळं व्यवस्थित. रात्री हिशोबाला बसले तर एकदाही पैसे आलेले नाहीत. चौथ्या दिवशी तो आलाच नाही. तेव्हापासून दुकानात एकच नियम, डबा बोलला तर पिशवी हातात.

पण डबाही कधीकधी गप्प बसतो. गेल्या गणपतीत एका ताईंनी ४२ उकडीचे मोदक घेतले, १२६० रुपये, त्यांच्या खात्यातून कट झाले आणि माझ्याकडे शून्य. मागे रांग, त्यांच्याकडे घरी आरतीची वेळ झालेली, मी म्हटलं न्या हो, नैवेद्य थांबायला नको. पैसे तिसऱ्या दिवशी त्यांच्याच खात्यात परत गेले आणि त्यांनी लगेच मला पाठवले, बाई चांगल्या म्हणून. रिझर्व्ह बँकेचा नियम असा की दुकानात यूपीआयने दिलेले पैसे अडकले तर पाच दिवसांत उलटे गेले पाहिजेत, त्यापुढे दिवसाला १०० रुपये भरपाई, पण ती गिऱ्हाइकाला मिळते, आपल्याला नाही. म्हणजे माल दिलेला असला की जीव आपलाच टांगणीला. तेव्हा अनोळखी माणूस आणि मोठी रक्कम असेल तर ट्रान्झॅक्शन नंबरचा फोटो आणि फोन नंबर घेऊन ठेवा.

रोख लागतेच, आणि गंमत म्हणजे घ्यायला कमी, द्यायला जास्त. पोळ्या लाटायला येणाऱ्या दोघी मावशींना आठवड्याचे पैसे हातात हवे असतात, टेम्पोवाल्यालाही रोखच. सगळी विक्री क्यूआरवर गेली की तुम्ही दर शनिवारी एटीएमच्या दारात, आणि महिन्याचे फुकटवाले व्यवहार संपले की प्रत्येक वेळी २३ रुपये नि वर टॅक्स. म्हणून मी सकाळच्या गिऱ्हाइकांना मुद्दाम विचारते, रोख आहे का? दहा-वीसच्या नोटांची एक गड्डी गल्ल्यात वेगळी ठेवा, तिला हात लावायचा नाही.

काहीजणी म्हणतात क्यूआर नको, टॅक्सवाले मागे लागतात. अहो, विक्री ती विक्रीच, रोखीने लपत नाही. उलट छोट्या धंद्याला अंदाजे नफा दाखवायची जी सोपी पद्धत आहे तिच्यात रोखीच्या विक्रीवर ८ टक्के नफा धरतात आणि बँकेतून आलेल्यावर ६ टक्के. आमच्या सीएने सांगेपर्यंत मलाही माहीत नव्हतं.

कार्ड मशीन आत्ता अजिबात घेऊ नका. ऐंशी-शंभर रुपयांच्या बिलाला कोण कार्ड काढतंय? मी एका सेल्समनच्या नादाने घेतलं, भाडं भरत बसले आणि वर्षभरात परत केलं. क्रेडिट कार्डावर कमिशन जातं ते वेगळंच. उद्या केटरिंगच्या मोठ्या ऑर्डरी यायला लागल्या तर बघा.

महिन्याचे डबे असतील तर पैसे आगाऊ, निदान अर्धे. उधारीची वही मी बंद केली कारण पोरं रूम बदलून जातात आणि फोन उचलत नाहीत. ऑफिसची ऑर्डर आली तर ते नंतर एनईएफटीने किंवा चेकने देतात, तोवर भाजी-तेल तुमच्या खिशातून, तेव्हा परवडेल तेवढीच घ्या. चेक मिळाला की लगेच भरा, तारखेपासून तीन महिनेच चालतो.

आणि हो, क्यूआरचं स्टिकर काउंटरच्या आतल्या बाजूला लावा. बाहेर लावलं तर कुणीतरी त्यावर आपलं चिकटवून जातो. मी रोज सकाळी शटर उघडलं की मुलाच्या फोनवरून एक रुपया पाठवून बघते, डबा बोलला की गॅस पेटवते.