पौर्णिमेला आठलाच का?

प्रश्न : आम्ही चौघं मित्र पौर्णिमेच्या रविवारी मालवणला जाऊन कयाकिंग आणि सागरी अभयारण्य एकाच दिवसात उरकणार आहोत. कयाकवाला म्हणतो, देवबागला सकाळी आठला या. अकराला गेलो तर काय बिघडतं? आणि लहानपणापासून पंचगंगेत पोहतोय, तरी लाइफ जॅकेट घालायचंच का?
– एक वाचक, मंगळवार पेठ, कोल्हापूर

उत्तर : दादा, माझं माहेर शिवाजी पेठेतलं आणि सासर मालवणचं, म्हणून दोन्ही पाण्यांची बाजू घेऊन सांगते. सासऱ्यांचा हिशेब सोपा. तिथीची पाऊणपट करायची, त्या तासाच्या आसपास भरती पूर्ण होते. पौर्णिमा म्हणजे पंधरा, म्हणजे सव्वाअकरा. आठला उतरलात तर चढतं पाणीच तुम्हाला कर्लीच्या खाडीत आत नेतं आणि ओहोटी परत आणून सोडते. अकराला गेलात तर थोड्याच वेळात पाणी उलटणार. आत जाताना वल्हं मारून खांदे भरून येतील, आणि थकल्यावर ओढ असेल ती संगमाकडे, समुद्राच्या तोंडाशी. त्यात पौर्णिमेचं उधाण. म्हणून जॅकेट घालायचंच! पंचगंगा नरसोबाच्या वाडीकडेच वाहते, खाडी दिवसातून चारदा दिशा बदलते.

परतताना घाई करू नका. पाणी उतरू लागलं की कांदळवनाच्या कडेला चिखल उघडा पडतो. त्यावर निवट्या दिसतील. मासाच, पण कल्ल्यांजवळच्या परांवर रेटा देत चिखलावर सरकतो, मध्येच टुणकन उडी मारतो. शेजारी एकच नांगी भलीमोठी असलेले खेकडे ती वर-खाली हलवत बसलेले असतात. वल्हं आडवं ठेवून गप्प बसलात तरच हे दिसतं. चौघांनी गप्पा मारल्या की सगळे बिळात. मोबाइलवरची गाणी तर घरीच ठेवा.

अभयारण्याचं म्हणाल तर ते 1987 सालचं, सिंधुदुर्ग किल्ल्याच्या परिसरातलं, सुमारे 29 चौरस किलोमीटर. तिथे नवख्यानं कयाक घेऊन उघड्या समुद्रात शिरू नये. दुपारी होडीनं जा. प्रवाळ दिसलं तर शोकेससाठी तुकडा उचलू नका, वन्यजीव कायद्यानं गुन्हा आहे.

रात्रभर गाडी हाकून येण्यापेक्षा शनिवारी दुपारीच फोंडा घाटानं उतरा आणि मुक्काम करा. रविवारी पहाटे पोटभर कटाची मिसळ मात्र नको, कयाकमध्ये बराच वेळ बसायचं आहे.