कॅलिफोर्नियात प्राथमिक शिक्षिका व्हायचंय : ‘सगळे विषय ट्रान्सफर होतात’ यावर विसंबू नका

तुमची पोस्ट दोनदा वाचली. पुण्यात एस.वाय.बी.ए.पर्यंत शिक्षण, मग लग्न, सॅन फ्रान्सिस्कोजवळचा बे एरिया, मुलगी पहिलीत गेल्यावर कम्युनिटी कॉलेज, म्हणजे इथलं दोन वर्षांचं सरकारी कॉलेज. आणि आता तुम्ही विचारताय की चाइल्ड डेव्हलपमेंट (बालविकास) घेऊ की लिबरल स्टडीज (अनेक शालेय विषयांचा एकत्र अभ्यासक्रम), कारण काउन्सेलर म्हणतात, ‘काहीही घ्या, सगळं ट्रान्सफर होतं’, म्हणजे इथले विषय पुढे युनिव्हर्सिटीत धरले जातात. नेमकं हेच वाक्य नऊ वर्षांपूर्वी मला ऐकवलं गेलं होतं, म्हणून जरा लांबलचक लिहितेय. आज मी इथल्या एका सरकारी शाळेत तिसरीला शिकवते.

प्रवेश, फी, फायनान्शियल एड हे तुम्ही पार केलेलं दिसतंय, ते सोडून देते.

माझं काय झालं ते आधी सांगते. मी कॉलेजच्या सल्ला केंद्रात गेले आणि म्हणाले, मला लहान मुलांना शिकवायचंय. समोरच्या बाईंनी पंधरा मिनिटांत अर्ली चाइल्डहुडचा, म्हणजे शाळेआधीच्या मुलांच्या शिक्षणाचा कागद हातात दिला. ‘मुलं किती वयाची?’ हा एक प्रश्न त्यांनी विचारला नाही, आणि तो विचारायला हवा हे मला ठाऊक नव्हतं. इथे बालवाडीचा रस्ता वेगळा आणि प्राथमिक शाळेचा वेगळा. सरकारी अनुदानाच्या बालवाडीसाठी चाइल्ड डेव्हलपमेंट परमिट लागतं. पहिली-दुसरी-तिसरीसाठी आधी बॅचलर्स आणि मग साधारणपणे मल्टिपल सब्जेक्ट क्रेडेन्शियल, म्हणजे सगळे विषय शिकवण्याचा राज्याचा परवाना. मी इमानदारीत आठ विषय पूर्ण केले, 24 युनिट (म्हणजे क्रेडिट), सगळ्यांत ए. युनिव्हर्सिटीत गेल्यावर मूल्यमापनाचा कागद आला. बालविकासाचा एक विषय मेजरमध्ये, म्हणजे डिग्रीच्या मुख्य विषयात धरला होता. उरलेल्या सात ओळींपुढे एकच शब्द होता : इलेक्टिव्ह, म्हणजे ऐच्छिक. विषय ‘ट्रान्सफर’ झाले होते, त्यात खोटं काहीच नव्हतं. फक्त डिग्रीला त्यांचा उपयोग नव्हता. कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटी कम्युनिटी कॉलेजची जास्तीत जास्त 70 युनिट धरते, त्यामुळे जागा भरलेली आणि हवे ते विषय बाकी. तीन सेमिस्टर गेली. त्या केंद्रात परत गेले तेव्हा ‘तुम्ही सही केली होती’ एवढंच उत्तर मिळालं. याचा राग अजून जात नाही, कारण माझ्यामागे रांगेत उभ्या असलेल्या मुलींनाही तोच कागद मिळत होता.

म्हणून माझं स्पष्ट मत : चाइल्ड डेव्हलपमेंट नको. तुमच्या कॉलेजात ‘एलिमेंटरी टीचर एज्युकेशन’ची असोसिएट डिग्री फॉर ट्रान्सफर (युनिव्हर्सिटीत पुढे जाण्यासाठीची दोन वर्षांची डिग्री) आहे का बघा. 2010 च्या कायद्याने आलेली ही डिग्री 60 युनिटची असते, आणि ती घेऊन जुळणाऱ्या मेजरला गेलात तर पुढच्या 60 युनिटमध्ये बॅचलर्स पूर्ण करता येते. ‘जुळणाऱ्या’ हा शब्द कॅम्पसप्रमाणे बदलतो, तो तपासा. त्यासाठी असिस्ट नावाची सरकारी साइट आहे : तुमचं कॉलेज, हवी ती युनिव्हर्सिटी आणि मेजर निवडलं की विषयासमोर विषय दिसतो. त्या पानाचा प्रिंट काढा, वर्षासकट, आणि काउन्सेलरपुढे तोच ठेवा. ‘ट्रान्सफर होतं का?’ असं विचारू नका. ‘या मेजरमध्ये कुठल्या ओळीत धरतात?’ असं विचारा आणि उत्तर ईमेलवर मागा.

न्यायाने एक सांगायला हवं. ट्रान्झिशनल किंडरगार्टनला, म्हणजे चार वर्षांच्या मुलांना सरकारी शाळेत शिकवायचं असेल, तर मल्टिपल सब्जेक्ट क्रेडेन्शियलबरोबर बहुतेकदा तेवढीच 24 युनिट अर्ली चाइल्डहुडची मागतात. म्हणजे माझी ती युनिट अगदीच वाया गेली नाहीत. पण आधी क्रेडेन्शियल, ती नंतर. माझा क्रम उलटा झाला.

गणिताचं वेगळं सांगते. ट्रान्सफरसाठी स्टॅटिस्टिक्स चालतं, म्हणून सगळे तेच घेतात. या मेजरला ‘मॅथ फॉर एलिमेंटरी टीचर्स’ लागतं, आणि काही ठिकाणी ते वर्षातून एकदाच असतं, म्हणून ते आधी टाइमटेबलमध्ये बसवा. मला तो विषय सोपा वाटला होता. पहिल्याच आठवड्यात बाईंनी लाकडी ठोकळे दिले आणि दहाऐवजी पाचच्या गटांत बेरीज करायला लावली. चार अधिक तीन, पाचांचा एक दांडा बाजूला, दोन सुटे. हातचा एक आपण जन्मभर घेत आलो, तो का घेतो हे मला त्या टेबलावर कळलं. आज वर्गात तेच ठोकळे वापरते.

दुसरं, वर्ग-निरीक्षण असलेला शिक्षणाचा प्राथमिक विषय पहिल्याच सेमिस्टरमध्ये घ्या. त्यात निदान 45 तास सरकारी शाळेत बसावं लागतं. शक्यतो मुलीच्या शाळेत नको, तिथे तुम्ही आईच राहता. पंचवीस मुलांच्या वर्गात पावसाळी दिवशी मधली सुट्टी आतच होते, ते बघा आणि मग ठरवा.

पुण्याच्या मार्कलिस्टा : परदेशी शिक्षणाचं मूल्यमापन करणाऱ्या संस्थेकडून ते करून घ्या, आणि पुढच्या भारतभेटीत विद्यापीठाकडून सीलबंद ट्रान्सक्रिप्टच्या चार-पाच प्रती आणा. मी एकच आणली होती आणि भावाला पुन्हा दोन चकरा माराव्या लागल्या. तिथलं इतिहास-राज्यशास्त्र कितीही झालेलं असो, क्रेडेन्शियलसाठी अमेरिकन संविधानाचा विषय किंवा परीक्षा लागतेच, त्यामुळे अमेरिकन गव्हर्नमेंट इथेच करून टाका.

ज्या लिबरल स्टडीज कार्यक्रमाला राज्याची विषयज्ञानाची मान्यता आहे, तो पूर्ण केला तर सीसेट ही तीन भागांची परीक्षा द्यावी लागत नाही. सगळ्या कार्यक्रमांना ही मान्यता नसते, नक्की विचारा. काही कॅम्पसवर बॅचलर्स आणि क्रेडेन्शियल एकत्र होतात, एरवी क्रेडेन्शियलसाठी साधारण एक वर्ष जादा धरा. मला एकत्रवाला कार्यक्रम मिळाला नाही, कारण अर्जाच्या वेळी ते गणितच बाकी होतं.

मी काउन्सेलर नाही, आणि हे फक्त कॅलिफोर्नियाचं आहे. टेक्सास किंवा न्यू जर्सीच्या मैत्रिणींनी हे जसंच्या तसं धरू नये. परीक्षांचे नियम गेल्या काही वर्षांत बरेच बदललेत, त्यामुळे राज्याच्या क्रेडेन्शियल कमिशनची साइट हाच शेवटचा शब्द. तुम्ही एच-फोरवर (नवऱ्याच्या वर्क व्हिसावर अवलंबून असलेल्या व्हिसावर) असाल तर नोकरीच्या परवानगीचं वकिलाला विचारा, त्यात मी पडत नाही.

तुमच्या कॉलेजचं आणि मनातल्या कॅम्पसचं नाव मेसेजमध्ये कळवा. शनिवारी दुपारी मोकळी असते, असिस्टचं पान एकत्र उघडून तुमच्या झालेल्या विषयांवर खुणा करू.