पवनेवर पहिल्यांदा कयाक चालवताना

मुंबईहून जाणार असाल तर आदल्या रात्रीच लोणावळ्याजवळच्या पवना धरणाच्या काठी मुक्काम करा. एप्रिल-मेमध्ये पाणी शांत मिळतं ते सकाळी साधारण नऊपर्यंतच; ऊन चढलं की वारा सुटतो आणि नवख्याचे हाल होतात. (पवई जवळ आहे खरं, पण तिथे मगरी आहेत. तो विचार सोडा.)

सुरुवातीला वर बसायची, उघडी कयाक (वल्ह्याने चालवायची लहान, अरुंद होडी) घ्या. लाइफ जॅकेट घातल्यावर कुणाला तरी खांद्याचे पट्टे वर ओढायला सांगा. जॅकेट कानापर्यंत आलं तर ते सैल आहे. बसल्यावर गुडघे किंचित वाकलेले हवेत. वल्हं डोक्यावर आडवं टेकवलं की कोपरं काटकोनात यावीत, हातांत तेवढंच अंतर. पात्याची खोलगट बाजू आपल्याकडे. उलटं धरणारे फार भेटतात.

नुसत्या हातांनी ओढू नका, कंबरेतून वळा. पातं पावलांजवळ बुडवा, कमरेपाशी बाहेर काढा. कमरेच्या मागेपर्यंत ओढत नेलं की कयाक भरकटते आणि लोक कयाकलाच दोष देतात.

जाताना वाऱ्याच्या तोंडावर जा, म्हणजे दमल्यावर परतीला तोच ढकलेल. काठ धरूनच राहा. उन्हाळ्यात धरणाचं पाणी उतरतं, खडक वर येतात, काठाला गाळ असतो. चप्पल रुतते, मागे पट्टा असलेले सँडल घाला.

उलटलात तर कयाक सोडू नका. ती सरळ करा, पाय मारत मधोमध पोटावर आडवे चढा, मग वळून बसा. हे आधी कमरेएवढ्या पाण्यात दोन-तीनदा करून बघा.