आजीच्या सागवानी कपाटावरचा जुना ऑइलपेंट काढायचाय, घरी जमेल का?

जमेल की, पण खरंच सागवान असेल तर परत रंग मारू नका हो प्लीज, पॉलिशच करा. आधी आतल्या बाजूला थोडासा रंग खरवडून बघा, खाली सोनेरी-तपकिरी रेषा दिसल्या तर लाकूड चांगलं आहे. साधं लाकूड निघालं तर प्राइमर, लांबी (खड्डे-भेगा भरायची पुट्टी) आणि इनॅमलचे दोन पातळ हात, बास.

जुन्या रंगात शिसं असू शकतं (आपल्याकडे ९० पीपीएमची, म्हणजे दहा लाख भागांत ९० भाग शिशाची मर्यादा २०१७ च्या नोव्हेंबरपासून लागू झाली), म्हणून कोरडा घासत बसू नका, गॅलरीत किंवा गच्चीत पेंट रिमूव्हर लावा, रंग फुगून सुरकुतला की पत्र्याने ओढून काढा, हातमोजे-मास्क घाला आणि पोरांना लांब ठेवा. सगळा रंग निघाल्यावर ओल्या फडक्याने पुसून वाळू द्या, मग पॉलिश पेपर ८०, १२०, २२० असा चढत्या नंबरने, आणि तो कायम रेषांच्या दिशेनेच, कारण आडवा घासला की पॉलिश लावल्यावर एकेक ओरखडा उठून दिसतो, आईच्या देव्हाऱ्याला माझ्याकडून हेच झालं आणि परत पहिल्यापासून घासावं लागलं.

पॉलिशसाठी चपडा लाख (लाखेच्या पातळ पापड्या) स्पिरिटमध्ये रात्रभर भिजवा, गाळून घ्या. सुती कापडात कापूस घालून पुरचुंडी करायची आणि एकदम पातळ हात द्यायचे, प्रत्येक हात वाळू द्यायचा, आठ-दहा हात तरी लागतात. दारं मात्र बिजागऱ्या सोडवून आडवी ठेवूनच करा. आणि हे काम पावसाळ्यात काढू नका, दमट हवेत लाखेवर पांढरट धुकं धरतं.