वाचकांचे प्रश्न : .270 मध्ये शिशाऐवजी तांबं भरायचं तर

प्रश्न : नमस्कार. माझ्याकडे जुनी .270 विंचेस्टर रायफल आहे, बोल्ट अॅक्शन (हाताने खिटी ओढून काडतूस भरायची). टेक्सासात होतो तेव्हा 150 ग्रेनची (ग्रेन म्हणजे गोळीचं वजन मोजायचं एकक) शिशाची गोळी घरीच भरून वापरायचो, डुकरं आणि हरणं दोन्हीला. आता कॅलिफोर्नियात सॅक्रामेंटोजवळ आलोय आणि इथे शिसं चालत नाही. मग त्याच वजनाची तांब्याची गोळी घेऊन तीच पावडर तेवढीच टाकली तर चालेल ना? आणि गोळी कुठली घेऊ?

उत्तर : नाही, चालणार नाही, आणि बरं झालं आधी विचारलंत. वजन सारखं असलं तरी तांबं शिशापेक्षा हलकं, त्यामुळे तेवढ्याच ग्रेनची पूर्ण तांब्याची गोळी लांबीला जास्त होते, मग ती केसमध्ये, म्हणजे काडतुसाच्या पितळी नळीत, खोल बसते आणि पावडरची जागा खाते, शिवाय ती आतून मऊ नसते म्हणून रायफलिंगमध्ये, म्हणजे बॅरलच्या आतल्या पिळदार खाचांत, शिरताना जास्त अडते, या सगळ्यामुळे प्रेशरचं गणितच बदलतं. .270 ची प्रेशरची कमाल मर्यादा 65,000 पीएसआय (पौंड प्रति चौरस इंच) आहे आणि जुना भरगच्च लोड, म्हणजे पावडरचं प्रमाण, आधीच तिच्या जवळ असतो. तेव्हा जुनी वही बाजूला ठेवा आणि ज्या कंपनीची गोळी घ्याल तिचाच डेटा वापरा, त्यातल्या स्टार्टिंग लोडपासून थोडं थोडं वर जा. बोल्ट उचलताना जड लागला, प्रायमर (केसच्या बुडातली ठिणगी देणारी टोपी) चपटा झाला किंवा केसच्या बुडावर इजेक्टरचा (रिकामी केस बाहेर फेकणाऱ्या भागाचा) चकचकीत ठसा दिसला की तिथेच थांबा आणि खाली या, मग मॅन्युअलमध्ये पुढचा आकडा दिलेला असला तरी.

आता गोळी. माझं स्पष्ट मत, 150 सोडा आणि 130 ग्रेन घ्या. शिशाच्या गोळीत जड वजन घ्यायचं कारण हे की आत जाताना तिचे तुकडे पडतात, वजन घटतं, म्हणून मुळातच जास्त लागतं. तांब्याची गोळी फुलासारखी उमलते आणि जवळजवळ सगळं वजन घेऊन आरपार जाते, त्यामुळे 130 ची तांब्याची गोळी डुकराच्या खांद्यातून आरामात निघते. पण उमलायला तिला वेग लागतो, ही खरी गोम आहे. जनावरावर आदळताना वेग 2,000 फूट प्रति सेकंदाच्या वर असला तर मी निर्धास्त असतो, 1,800 च्या खाली गेला तर ती नीट न उघडता बारीक भोक पाडून निघून जाऊ शकते, आणि मग जखमी जनावर झुडपात जातं, ते कुणालाच नको असतं. 130 ग्रेन .270 मधून साधारण 3,060 ने निघते, 300 यार्डांवरही वेग पुरेसा उरतो. हे कार्ट्रिज 1925 मध्ये विंचेस्टरच्या मॉडेल 54 बरोबर आलं तेव्हापासून त्याची ओळखच 130 ग्रेनची आहे, शिकारीवर लिहिणाऱ्या जॅक ओकॉनरनी आयुष्यभर त्याचं कौतुक केलं ते उगाच नाही.

बार्न्सची टीटीएसएक्स, हॉर्नेडीची सीएक्स, नॉस्लरची ई-टिप, तिन्ही चांगल्या. मी सुरुवात टीटीएसएक्सने करीन, टोकाला प्लॅस्टिकची टिप असल्यामुळे ती उघडायला मदत होते. तांब्याच्या गोळ्यांना रायफलिंगपासून थोडं अंतर आवडतं, बार्न्सवाले 0.050 इंचापासून सुरू करा म्हणतात, ते ऐका. आणि पहिला ग्रुप (एकाच नेमावर मारलेल्या गोळ्यांचा पुंजका) मारायच्या आधी बॅरलमधलं जुनं तांबं कॉपर सॉल्व्हेंटने पूर्ण काढा, जुन्या थरावर नवी गोळी मारली की ग्रुप पसरतो आणि माणूस उगाच गोळीला नावं ठेवतो.

पावडर हळू जळणारी हवी. एच4831एससी किंवा एच4350, दोन्ही गरमीत फारशा बदलत नाहीत आणि तुमच्याकडे ते महत्त्वाचं आहे, कारण किनाऱ्याकडच्या ए झोनचा (शिकारीसाठी आखलेल्या विभागाचा) हरणाचा सीझन ऑगस्टमध्येच सुरू होतो, जानेवारीच्या थंडीत जमवलेला लोड तेव्हा उन्हात तापलेल्या रायफलमध्ये असणार. एससीचे दाणे आखूड कापलेले असतात, पावडर मेजरमधून सरळ पडतात. केस 2.540 इंचांपेक्षा लांब झाल्या असतील तर ट्रिम करा, आणि बुडाच्या जरा वर चमकदार कडं दिसलं तर ती केस फेकून द्या, तिथूनच तुटते. झीरो, म्हणजे गोळी नेमक्या नेमावर लागते ते अंतर, 200 यार्डांवर ठेवा, मग 100 यार्डांवर ती दीड इंच वर लागेल.

शिशाची बंदी काहींना जाचक वाटते, मला ती पटते. 1982 मध्ये जगात फक्त 22 कॅलिफोर्निया कॉन्डर (गिधाडासारखे मोठे पक्षी) उरले होते, आणि आजही हे पक्षी शिकारीच्या मागे पडलेल्या आतड्यांतले शिशाचे कण खाऊन मरतात. 1 जुलै 2019 पासून राज्यात सगळ्याच शिकारीला शिसं बंद आहे, म्हणजे तुमच्या उरलेल्या 150 च्या गोळ्या फक्त रेंजवर वापरा, तिथेही आधी नियम विचारून.

प्रश्न : मी नाशिकला असतो, रायफलचं लायसन्स आहे. घरी काडतुसं भरता येतील का?

उत्तर : रायफलच्या लायसन्सवर नाही. काडतुसं बनवण्यासाठी आर्म्स अॅक्ट 1959 प्रमाणे वेगळं लायसन्स लागतं, आणि 1972 च्या वन्यजीव कायद्यामुळे शिकारही बंद आहे. टार्गेट शूटिंगची आवड असेल तर रायफल क्लबमध्ये जा, तिथे नेम शिकायला भरपूर वाव आहे.