बडोदा की बनारस?

वाट विचारताना : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : मॅडम, सप्रेम नमस्कार. आम्ही पिंपळगाव बसवंतचे. यजमानांच्या नावावर सहा एकर द्राक्षबाग आहे. मुलगी यंदा कला शाखेतून, मराठी माध्यमातून बारावी झाली. शाळेच्या सहलीत पांडवलेणी पाहिल्यापासून तिच्या डोक्यात पुरातत्त्व एवढंच आहे. तिथली ब्राह्मी अक्षरं वहीत उतरवून आणते. तिनं सीयूईटी, म्हणजे केंद्रीय विद्यापीठांची सामाईक प्रवेश परीक्षा, दिली आहे. तिला बनारस हिंदू विद्यापीठ नाहीतर बडोद्याचं महाराजा सयाजीराव विद्यापीठ हवंय. घरात सगळे म्हणतात, पुणं काय वाईट आहे? आमच्याकडे एसईबीसीचा दाखला आहे, तो तिकडे चालेल का? मुलगी एकटी राहणार, भाषा वेगळी. आणि तिकडची पदवी घेऊन आली तर इथे पुढे अडचण येणार नाही ना?
– एक आई, पिंपळगाव बसवंत

उत्तर : ताई, दाखल्याचं आधी सांगते, कारण निम्मं गणित त्यावर आहे आणि ऐन प्रवेशाच्या आठवड्यात धावपळ करून ते सुटत नाही.

एसईबीसी, म्हणजे सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग, हा महाराष्ट्र सरकारचा प्रवर्ग. २०२४ च्या कायद्यानं मराठा समाजाला १० टक्के आरक्षण दिलं ते महाराष्ट्रातलं शिक्षण आणि राज्याच्या नोकऱ्या यांपुरतं. बनारसचं विद्यापीठ केंद्र सरकारचं. तिथे अनुसूचित जातींना १५, जमातींना साडेसात, ओबीसींना २७ आणि ईडब्ल्यूएसला, म्हणजे आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांना, १० टक्के जागा असतात. एसईबीसीचा रकानाच तिथल्या अर्जात नाही. मग ईडब्ल्यूएस? आपल्याकडची बरीच मराठा मुलं केंद्रीय संस्थांत त्या वाटेनं जातात. पण केंद्राच्या नियमात वर्षाचं उत्पन्न ८ लाखांच्या आत असून भागत नाही. विद्यार्थी, आईवडील आणि १८ वर्षांखालची भावंडं मिळून ५ एकर किंवा त्याहून जास्त शेती असेल तर दाखला मिळत नाही. तुमची सहा एकर आहे. बागेवर कर्ज किती, गारपिटीत किती गेलं, हे तो नियम विचारत नाही. निफाड-दिंडोरीच्या शेतकऱ्यावर हा अन्याय आहे असं माझं स्पष्ट मत आहे. पण मुलीचा अर्ज आजच्या नियमावरच भरावा लागणार.

यजमानांच्या घराण्यात कुणबी नोंद सापडली असेल तर मात्र चित्र बदलतं. महाराष्ट्रातले कुणबी केंद्राच्या ओबीसी यादीत आहेत. अशा वेळी सेतू केंद्रात अर्ज करताना ‘केंद्र शासनाच्या नमुन्यात’ हे शब्द ठासून सांगा, नॉन क्रीमी लेअर चालू आर्थिक वर्षातलं आहे ना तेही बघा. राज्याच्या नमुन्यातला दाखला घेऊन गेलेली मुलं पडताळणीच्या दिवशी खुल्या प्रवर्गात ढकललेली मी पाहिली आहेत. हातात कागद होता, पण चुकीच्या नमुन्यातला.

बडोद्याचा प्रश्न याहून वेगळा. ते विद्यापीठ गुजरात राज्याचं आहे आणि तिथलं आरक्षण गुजरातच्या रहिवाशांसाठी. इथे तुमच्या दाखल्याचा दोष नाही, कोणत्याही जातीच्या दाखल्याचं असंच आहे. आंध्रातल्या अनुसूचित जमातीच्या, पण लहानपणापासून मुंबईत शिकलेल्या एका मुलानं मुंबईतल्या मेडिकल प्रवेशासाठी दावा केला होता. १९९० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की जमातीची यादी ज्या राज्यासाठी काढलेली असते, सवलतही त्याच राज्यात. म्हणून आमच्या सुरगाणा-कळवणच्या आदिवासी मुलामुलींना मी नेहमी म्हणते, बाहेर जायचं तर आधी केंद्रीय विद्यापीठं बघा. महाराष्ट्रातला अनुसूचित जमातीचा दाखला बनारसलाही चालतो, हैदराबादच्या केंद्रीय विद्यापीठातही चालतो. शेजारच्या राज्याच्या विद्यापीठात तीच मुलगी खुल्या प्रवर्गात मोजली जाते.

तेव्हा कुणबी नोंद नसेल तर तुमची लेक दोन्हीकडे खुल्या प्रवर्गातच आहे, हे धरून चाला.

आता पुण्याचं. पुणं वाईट नाहीच. पुरातत्त्वासाठी डेक्कन कॉलेजएवढ्या मोठ्या जागा देशात फार थोड्या आहेत. १९५०-५१ मध्ये नाशिकच्या मातीच्या गढीवर उत्खनन केलं ते त्याच संस्थेच्या ह. धी. सांकलिया आणि शां. भा. देव यांनी. सांकलिया मुंबईत जन्मलेले गुजराती, आणि आयुष्य घातलं पुण्यात. त्यांचे विद्यार्थी सुब्बाराव तेलुगू, त्यांनी बडोद्याचा पुरातत्त्व विभाग उभा केला. या विषयातली माणसं राज्याच्या सीमा पाहत बसली नाहीत, हे घरच्या मंडळींना जरूर सांगा.

पण डेक्कन कॉलेजची खरी ताकद एमए आणि पुढे आहे. पुरातत्त्वात बीएवर नोकरीचं दार उघडत नाही. एमए लागतं, त्यानंतर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या ग्रेटर नोएडातल्या संस्थेचा दोन वर्षांचा पदव्युत्तर डिप्लोमा किंवा पीएचडी. वाट लांब आहे. म्हणून तुमच्यापुढचा प्रश्न मी असा मांडेन : ही पहिली तीन-चार वर्षं मुलगी कुठे घालवणार? नाशिकमध्ये इतिहास घेऊन बीए केलं तर प्राचीन भारत तिच्या वाट्याला थोडाच येईल, बाकी मध्ययुग आणि आधुनिक काळ. मी स्वतः इतिहास शिकवलेला आहे, त्या अभ्यासक्रमाबद्दल मला आदरच आहे. पण जी मुलगी बारावीत ब्राह्मी उतरवून आणते तिला तीन वर्षं थांबवून ठेवणं मला पटत नाही. शेताच्या बांधावर सापडलेलं खापर हातात घेऊन ते कोणत्या काळाचं हे सांगायला ज्या वयात शिकावं, ते तिचं हेच वय आहे.

म्हणून माझं उत्तर, पहिली पसंती बडोदा. कारणं सांगते.

बडोद्याच्या ‘पुरातत्त्व आणि प्राचीन इतिहास’ विभागात बीएपासूनच हा विषय शिकवतात. गुजरातेतल्या देवनी मोरीचा बौद्ध स्तूप १९६० च्या दशकात याच विभागानं खणून काढला. पांडवलेणीपासून सुरुवात झालेल्या मुलीला तो काळ ओळखीचा वाटेल; लेण्यांत नहपानाचे जावई उषवदात यांचे लेख आहेत, ते पश्चिम भारतात राज्य करणाऱ्या क्षत्रपांच्या घराण्यांपैकी एकाचे, आणि क्षत्रपांचा मोठा इतिहास गुजरातेत आहे. शिकवण्याचं माध्यम इंग्रजी, त्यामुळे गुजराती आली नाही म्हणून वर्गात अडणार नाही. गावात मराठी माणूस पिढ्यान्‌पिढ्या राहतो, विद्यापीठात मराठीचा विभाग आहे. आणि ज्यांच्या नावानं ते विद्यापीठ आहे ते सयाजीराव आपल्याच जिल्ह्यातले, मालेगाव तालुक्यातल्या कवळाण्याचे. १८७५ मध्ये दत्तक जाईपर्यंत ते त्या गावातले गोपाळ होते. घरातल्या ज्येष्ठांना ‘परमुलुख’ वाटत असेल तर एवढी एक गोष्ट सांगा.

पिंपळगावहून वणी, सापुतारा, सुरत असा रस्ता आहे. मुलगी आजारी पडली तर तुम्ही दुसऱ्या दिवशी तिच्यापाशी असाल. बनारसला नाशिकरोडहून महानगरी आणि कामायनी थेट जातात, पण जवळजवळ पूर्ण एक दिवस-रात्रीचा प्रवास, आणि आरक्षण आता ६० दिवस आधीच उघडतं. दिवाळीचं तिकीट काढायची तारीख पाठच ठेवावी लागते.

बनारस मी दुसऱ्या क्रमांकावर ठेवते, पण यादीतून काढू नका. विषयाचं काम तिथेही मोठं आहे, सारनाथ हाकेच्या अंतरावर. मुलींसाठी आवारातच १९२९ पासूनचं महिला महाविद्यालय आहे, त्याला वसतिगृहं जोडलेली आहेत. कला शाखेत हिंदी भरपूर कानावर पडेल, ते मराठी मुलीला जड जात नाही. अर्ज भरताना एक गोष्ट सांभाळा. ‘प्राचीन भारतीय इतिहास, संस्कृती आणि पुरातत्त्व’ हा विभाग तिथे कला विद्याशाखेत आहे, नुसता ‘इतिहास’ सामाजिक शास्त्रांत. मुलं इतिहास नाव बघून दुसरीकडे पसंती टाकतात. शिवाय सीयूईटी दिली म्हणजे अर्ज झाला असं नाही. निकालानंतर विद्यापीठाच्या संकेतस्थळावर वेगळी नोंदणी करून पसंतीक्रम भरावा लागतो, त्याची मुदत थोडे दिवसच असते. बडोद्यासाठी गुजरात सरकारचं जीकॅस नावाचं सामाईक पोर्टल आहे, त्यावर नोंदणी हवी. इतर राज्यांच्या बोर्डातून आलेल्या विद्यार्थ्यांचे नियम तिथेच नीट वाचा.

भाषेची काळजी तुम्ही केलीत, पण गुजरातीची नको. इंग्रजीची करा. मराठी माध्यमातून गेलेली हुशार मुलं पहिल्या सहामाहीत गप्प होतात ती पुस्तकातल्या इंग्रजीमुळे. वर्ग सुरू व्हायला वेळ आहे तोवर तिनं रोज दोन पानं इंग्रजीतलं, याच विषयातलं वाचावं. नाशिकच्या उत्खननाचा अहवाल इंग्रजीतच आहे. गोदाकाठची गढी तिनं पाहिलेली असणार, त्यामुळे शब्द अडला तरी अर्थ लागेल. हा एक महिना तिच्या पुढच्या सगळ्या वर्षांना पुरेल.

राहण्याचं बघताना प्रवेश मिळाला म्हणजे वसतिगृह मिळालं असं धरू नका. दोन्हीकडे त्याचा अर्ज वेगळा असतो आणि जागा कमी असतात. माझी दिंडोरीची एक विद्यार्थिनी दुसऱ्या राज्यातल्या एका विद्यापीठात या भरवशावर गेली आणि पहिलं सत्र तिनं आवारापासून लांब, पाण्याचीही बोंब असलेल्या खोलीत काढलं. मुलगी जिद्दीची म्हणून टिकली. तुम्ही दोघं आधी एकदा बडोद्याला जाऊन या. खरडछाटणी उरकलेली आहे, गोडी छाटणीला अवकाश आहे, तुम्हाला हाच काळ सोयीचा. ऑफिसात माहितीपत्रक मिळेल, पण विभागातल्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या मुलींशी बोला. त्यांना विचारा, उत्खननाच्या साइटवर पहिल्या वर्षापासून नेतात की एमएलाच? नेतात तेव्हा खर्च कुणाचा? रात्री ग्रंथालय किती वाजता बंद होतं आणि तिथून वसतिगृहापर्यंत मुली कशा जातात? यांची उत्तरं पाच मिनिटांत मिळतात आणि ती खरी असतात. रॅगिंगची भीती वाटत असेल तर १८००-१८०-५५२२ हा देशभराचा टोल फ्री क्रमांक मुलीच्या फोनमध्ये आजच टाका.

पैशाचं एकच सांगते. सरकारी विद्यापीठाची फी तुम्हाला जड जाणार नाही, राहणं-खाणं आणि प्रवास जड जातो. तुमच्याकडे पैसा येतो तो माल गेल्यावर, फेब्रुवारी ते एप्रिल. वर्षाचा खर्च मात्र जुलैपासून सुरू होतो. यंदाच्या मालाचे व्यापाऱ्याकडे अडकलेले असतील ते धरू नका. हातात आहेत त्यातूनच मुलीच्या नावानं वर्षभराचं बाजूला काढा. मग पुढच्या हंगामात भाव पडला तरी तिचं शिक्षण मध्ये अडकणार नाही.

परतीबद्दल विचारलंत. सरकारी विद्यापीठाची पदवी देशभर चालते, त्यात शंका नको. अडतं ते कागदांवर. निघण्यापूर्वी नाशिक विभागीय मंडळाकडून मायग्रेशन प्रमाणपत्र घ्या. वय, अधिवास व राष्ट्रीयत्व प्रमाणपत्र काढून ठेवा; बाहेर शिकायला गेल्यानं अधिवास जात नाही, पण कागद नंतर काढायला तिला सुट्टी घेऊन यावं लागेल. शाळा सोडल्याच्या मूळ दाखल्याच्या साक्षांकित प्रती भरपूर करून घ्या, मूळ प्रत तिकडे जमा होते. एमएसाठी ती पुण्याला परतली तर बडोद्याचं मायग्रेशन आणि इथली पात्रता तपासणी, दोन्ही करावं लागेल. अनेक विद्यापीठांत काही जागा स्वतःच्या पदवीधरांसाठी असतात, तेवढी चुरस वाढते. नव्या धोरणात चार वर्षांची ऑनर्स पदवी घेतली तर एमए एका वर्षात होतं. तिसऱ्या वर्षी बाहेर पडायचं की चौथं करायचं हे आत्ताच ठरवू नका, तिला तिथे रुळू द्या.

आणि तिच्या त्या वह्या टाकू नका. बडोद्याला जाताना सोबत न्या, विभागातल्या सरांना किंवा मॅडमना दाखवा.

प्रश्न : परराज्यातल्या एका विद्यापीठाची बीकॉमची पदवी नाशिकमध्ये कॉलेज रोडवरच्या एका क्लासमध्ये बसून मिळेल, परीक्षाही इथेच होईल असं सांगितलं. पाच हजार भरून नाव नोंदवलं आहे. विद्यापीठ ‘सरकारमान्य’ आहे असं माहितीपत्रकावर आहे. बाकीचे पैसे भरू का?
– एक विद्यार्थी, नाशिकरोड

उत्तर : भरू नकोस. विद्यापीठ मान्यताप्राप्त असू शकेल, पण प्रश्न त्या क्लासचा आहे. एखाद्या राज्याच्या विद्यापीठाला, सरकारी असो वा खासगी, आपल्या राज्याबाहेर अभ्यास केंद्र चालवायला विद्यापीठ अनुदान आयोगाची परवानगी नाही. दूरस्थ किंवा ऑनलाइन पदवी घ्यायचीच असेल तर आयोगाच्या दूरस्थ शिक्षण विभागाच्या संकेतस्थळावर त्या विद्यापीठाचं, त्या अभ्यासक्रमाचं आणि चालू वर्षाचं नाव आहे का ते बघ, तिन्ही हवीत. नोंदणी विद्यापीठाच्या स्वतःच्या पोर्टलवर होते, क्लासच्या पावतीवर नाही. नोकरी सांभाळून शिकायचं असेल तर गंगापूर धरणाजवळ गोवर्धनला यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आहे, बीकॉम तिथे मराठीतून करता येतं. पाच हजारांची मागणी क्लासकडे लेखी कर आणि त्या अर्जावर पोच घे.