प्रस्तावातला तो एक शब्द

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आणि सोबतचा पीएचडीचा प्रस्ताव, दोन्ही वाचलं. पर्यावरणाच्या अर्थशास्त्रात संशोधन करायचं, तेही घराघरांतल्या खर्चावर आणि वापरावर, हे तू मनाशी पक्कं केलेलं दिसतंय. त्यामुळे 'हा रस्ता धरू का' यावर मी शाई खर्च करत नाही. पगार किती, जागा किती कमी निघतात, नोकरीत कायम व्हायला किती वर्षं घासावं लागतं, हे तुला चार जण सांगतील आणि चौघंही थोडंफार खरंच बोलतील. मला बोलायचंय ते प्रस्तावाच्या पहिल्या परिच्छेदाबद्दल.

तिथे तू विषय दिला आहेस, 'ऊर्जाबचतीबाबत कुटुंबांमध्ये असलेलं अज्ञान'. अनुदान देणाऱ्या समितीला हे आवडेलही. पण एकाही घराचं दार न वाजवता घरात अज्ञान आहे हे तू ठरवून मोकळा झालास. तळमळीपोटी या विषयात यावं, आम्ही बहुतेक त्याच वाटेने आलो. त्या तळमळीला प्रश्न खुशाल निवडू दे. मोजमाप सुरू झालं की मात्र तिला बाहेर बसव.

असं का म्हणते ते सांगते. १९७९ साली जेरी हॉसमन या अर्थशास्त्रज्ञाने खोलीत बसवायच्या एसींची खरेदी तपासली. कमी वीज खाणारा एसी घेताना महाग, पण पुढे बिलात पैसे वाचवणारा. लोक प्रत्यक्षात कोणता उचलतात यावरून त्याने उलटा हिशेब मांडला. पुढच्या बचतीला लोक वर्षाला वीस टक्क्यांच्या आसपास वटाव लावतात असं त्यातून निघालं. म्हणजे उद्याचा रुपया त्यांच्या लेखी फारच स्वस्त. फायद्याची दिसणारी बचत आणि लोक प्रत्यक्षात करतात ती बचत, यांच्यातल्या दरीवर तेव्हापासून ढीगभर लिहिलं गेलंय, आणि दरवेळी कोणीतरी उठून म्हणतं की लोकांना समजत नाही.

समजत नसेलही. पण दुसरी कारणं बघ. हातात रोकड नसेल. घर भाड्याचं असेल, यंत्र मालकाने घ्यायचं आणि बिल भाडेकरूने भरायचं, तर मालकाने महाग यंत्र का घ्यावं? दोन वर्षांत घर बदलायचं असेल. किंवा पेटीवर छापलेल्या बचतीवर विश्वासच नसेल. चारही घरांत तुला एकच खरेदी दिसेल, पण उपाय चार वेगळे लागतील. रोकड नाही तिथे कर्जाची सोय लागते. भाडेकरूच्या घरात माहितीचं पत्रक वाटून काय होणार? 'अज्ञान' हा शब्द वापरला की ही सगळी चौकशी आपोआप बंद पडते, म्हणून तो मला नको आहे.

विश्वास न ठेवणारं ते घर चुकतंय असंही मानू नकोस. अमेरिकेत मिशिगन राज्यात फाउली, ग्रीनस्टोन आणि वुल्फ्रम यांनी तीस हजारांहून जास्त कुटुंबांवर एक प्रयोग केला, तो २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. योजना सरकारी: कमी उत्पन्नाच्या घरांच्या फटी बुजवायच्या, भिंतींना उष्णतारोधक थर द्यायचा, घर तापवणारी जुनी भट्टी बदलायची, सगळं फुकट. संशोधकांनी लोकांच्या घरी माणसं पाठवली, फोन केले, अर्ज भरायला मदत केली. एवढं करून योजनेत आलेली घरं सहा टक्क्यांच्या आसपास. जी आली त्यांची बिलं तपासली तर अभियंत्यांच्या मॉडेलने वर्तवलेली बचत प्रत्यक्षाच्या तिपटीहून जास्त निघाली, आणि सुरुवातीचा खर्च झालेल्या बचतीच्या साधारण दुप्पट. आता सांग, कागदावरच्या आकड्यावर विश्वास न ठेवणारं कुटुंब अज्ञानी, की मॉडेल?

हे एकच उदाहरण असतं तर मी इतकं ताणलं नसतं. मेक्सिकोत जुने फ्रिज आणि एसी परत घेऊन नवे देण्याची मोठी योजना झाली. डेव्हिस, फुक्स आणि गर्टलर यांनी तिचा हिशेब २०१४ मध्ये मांडला. फ्रिज बदललेल्या घरांची वीज आठ टक्क्यांनी उतरली, म्हणजे अंदाजाच्या जेमतेम पावपट. एसी बदललेल्या घरांत तर वापर वाढला! नवं यंत्र चालवायला स्वस्त पडतं म्हटल्यावर माणूस ते जास्त वेळ चालवतो. ओडिशात सुधारित चुलींचा अभ्यास हॅना, डुफ्लो आणि ग्रीनस्टोन यांनी चार वर्षं चालवला. पहिल्या वर्षी फुप्फुसात जाणारा धूर कमी झाला, पुढे तो फायदा विरून गेला. चुली नीट वापरल्या गेल्या नाहीत, त्यांची डागडुजी झाली नाही. प्रयोगशाळेत चूल उत्तमच होती. हा अभ्यास पहिल्याच वर्षी गुंडाळला असता तर सुधारित चुलींच्या यशाची आणखी एक गोष्ट छापून आली असती. म्हणून तुझ्या वेळापत्रकात मला दुसरं आणि तिसरं वर्ष बघायचंय.

जाता जाता एक गंमत. चर्चासत्रात मागच्या रांगेतून कोणीतरी हमखास उठतं आणि विचारतं, 'पण जेव्हन्सचं काय?' जेव्हन्स या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाने १८६५ मध्ये कोळशाबद्दल लिहिलं होतं की इंजिनं काटकसरी झाली की कोळशाचा एकूण वापर वाढतो. प्रश्न विचारणाऱ्याला वाटतं, आपण सगळा विषयच निकालात काढला. त्याला तत्त्वज्ञानाने उत्तर देऊ नकोस. तुझ्या घरांमध्ये बचतीतला किती वाटा वाढीव वापराने खाल्ला, तो आकडा सांग आणि पुढची स्लाइड लाव.

आता मोजण्याबद्दल. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण तुझ्या प्रस्तावात याला फक्त तीन ओळी आहेत.

घराकडून तुला तीन तऱ्हेची उत्तरं मिळतात. आम्ही काय केलं, अमुक झालं तर आम्ही काय करू, आणि मीटरने काय नोंदवलं. पहिलं उत्तर आठवणीवर चालतं, आणि आठवण किती दिवसांची मागितली यावर आकडा हलतो. भारताच्या राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या १९९९-२००० च्या फेरीत अन्नावरचा खर्च त्याच घराला सात दिवसांचाही विचारला आणि तीस दिवसांचाही. दोन रकाने शेजारीशेजारी असल्यावर उत्तरं एकमेकांशी जुळवून दिली जातात, आणि ती फेरी आधीच्या फेऱ्यांशी सरळ ताडून बघता येईना. गरिबी किती घटली यावर मोठमोठे अर्थशास्त्रज्ञ वर्षानुवर्षं भांडले, ते प्रश्नावलीतल्या एका रकान्यापायी. तेव्हा प्रश्नावली सहायकावर सोपवून देऊ नकोस.

दुसऱ्या उत्तराबद्दल थोडक्यात. 'स्वच्छ हवेसाठी किती द्याल' असं विचारलं की माणूस खिशापेक्षा मोठ्या मनाने बोलतो. १९८९ मध्ये एक्सॉन वाल्डीझ जहाजातून तेल सांडल्यावर नुकसानभरपाईसाठी ही पद्धत वादात सापडली. मग ॲरो आणि सोलो या अर्थशास्त्रज्ञांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने १९९३ मध्ये तिच्यासाठी कडक अटी घातल्या. त्या अटी वाच, आणि शक्यतो या पद्धतीपासून पीएचडी होईपर्यंत दूर राहा. वाईट आहे म्हणून नव्हे. नवख्याच्या हातात ती फार लवचीक होते, एवढंच.

मीटर तरी खरं बोलतो असं तुला वाटत असेल. बोलतो, पण त्याची भाषा आधी शिकावी लागते. बिलावर 'मार्च' छापलेलं असतं, आणि वाचन असतं फेब्रुवारीच्या अठरापासून मार्चच्या एकोणीसपर्यंतचं. शेजारच्या वस्तीत वाचणारा चार दिवस उशिरा गेला की तिथला मार्च वेगळा. तू तापमानाचे आकडे कॅलेंडरच्या महिन्याला जोडलेस तर उन्हाळ्याचा परिणाम भलत्याच घरांच्या माथी बसेल. दार बंद होतं म्हणून वाचणाऱ्याने ऐन उन्हाळ्यात आधीच्या महिन्यांची सरासरी टाकली, तर त्या महिन्यात वापर छान उतरलेला दिसतो आणि पुढच्या वाचनात एकदम उसळतो. त्याला 'आधी बचत, मग सवय सुटली' असं नाव देऊन कोणी लेख लिहिला तर मला नवल वाटणार नाही. शून्य युनिटचं घर रिकामं आहे, मीटर बंद आहे की जोडणी तोडली आहे, हे तिन्ही डेटात सारखंच दिसतं. डेटा हातात आला की आधी वाचन करणाऱ्यांसोबत दोन-तीन फेऱ्या मार, मग संगणक उघड.

आणि मोजतोय हे घराला कळलं की घर बदलतं. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात काही कुटुंबांना फक्त पोस्टकार्डं गेली: तुमच्या वीजवापराचा अभ्यास चालू आहे. ना सल्ला, ना बक्षीस. तेवढ्याने वापर २.७ टक्क्यांनी उतरला, आणि कार्डं थांबली तसा पूर्ववत झाला. तुझ्या प्रस्तावात नियंत्रण गटाला कोणी भेटतच नाही आणि प्रयोग गटाला दर महिन्याला भेट आहे. यातून मोजला जाईल तो भेटीचा परिणाम. दोन्ही गटांना सारख्याच भेटी ठेव.

परिणाम लहान निघाला तर हिरमुसू नकोस. शेजाऱ्यांच्या तुलनेत तुम्ही किती वीज वापरली हे सांगणारी पत्रं पाठवण्याचे प्रयोग अमेरिकेत झाले, पत्रं मिळालेली आणि न मिळालेली मिळून सहा लाखांच्या आसपास घरांवर, आणि अर्थशास्त्रज्ञ हंट ऑलकॉटने २०११ मध्ये दाखवलं की वापर सरासरी दोन टक्क्यांनी उतरतो. दोन टक्के ऐकायला फुसके वाटतात, पण कागद आणि टपालखर्चात एवढं मिळतंय म्हटल्यावर तो आकडा मोठा आहे. त्याहून मोलाचं काम ऑलकॉटनेच २०१५ मध्ये केलं. ही पत्रं आधी ज्या वीज कंपन्यांनी घेतली, त्यांच्या भागात पर्यावरणाकडे ओढा असलेले ग्राहक जास्त होते. नंतरच्या भागांत परिणाम घटला. म्हणजे पहिल्या दहा ठिकाणांवरून अकराव्याचा अंदाज बांधला तर तो फुगतो. हे दोन लेख एका बैठकीत, एकापाठोपाठ वाच.

राहता राहिलं करिअर.

कंपनीकडून बिलांचा डेटा मिळायला, गोपनीयतेचा करार व्हायला, नैतिकता समितीची मंजुरी यायला तुला वाटतंय त्याहून खूप जास्त वेळ लागतो, आणि अधिकारी बदलला की सगळं पहिल्यापासून. म्हणून संपूर्ण प्रबंध एका डेटावर टांगू नकोस. एक प्रकरण असं ठेव जे आज उपलब्ध असलेल्या सार्वजनिक आकड्यांवर उभं राहील. करारात 'निष्कर्ष प्रसिद्ध करण्याआधी संमती लागेल' असं कलम असेल तर सही करू नकोस, कितीही गोड बोलले तरी. मजकूर आधी वाचायला देणं ठीक, अडवण्याचा हक्क देणं नाही. प्रयोग करणार असशील तर विश्लेषणाचा आराखडा आधी नोंदव. अमेरिकन इकॉनॉमिक असोसिएशनची प्रयोगांची नोंदवही २०१३ पासून त्यासाठीच आहे. परिणाम शून्य आला तर तीच नोंद तुझ्या बाजूने उभी राहील.

मानसशास्त्रवाले आणि अभियंते यांच्यात ऊठबस ठेव, पण लेख लिहिताना एकच वाचक समोर धर. दोन्ही डगरींवर पाय ठेवलेला लेख दोन्हीकडून परत येतो. मार्गदर्शक निवडताना त्यांच्या नावापेक्षा त्यांचे विद्यार्थी किती वर्षांत मोकळे झाले ते विचार, आणि ते त्या विद्यार्थ्यांनाच विचार.

तू विचारलंस की आपल्या स्वतःच्या राहणीचं काय, संशोधकाने विमानाने फिरावं का वगैरे. तुला पटेल तसं वाग. फक्त मुलाखतीला बसशील तेव्हा समोरच्या कुटुंबाला तुझं मत कळता कामा नये. तुला काय ऐकायला आवडेल हे लोकांना झटकन ओळखू येतं, आणि ते सभ्यपणे तेच सांगतात.

नवा मसुदा पाठवशील तेव्हा सोबत कोरी प्रश्नावली आणि बिलाचा एक नमुना जोड, नावपत्ता खोडून. शीर्षक आत्ताच ठरवायची गरज नाही. शेवटी अर्धं पान मात्र हवं: कोणता आकडा आला तर तुझं म्हणणं खोटं ठरेल, ते आजच, तारीख घालून लिहून टाक. पुढच्या महिन्यात मी परीक्षांच्या कामात असेन, तेव्हा पंधरवड्यात आलं तर नीट वाचून होईल.